बुडालेलं इंजिन : आधी दोरीला हात नको

(सेवाग्राम येथे संघाच्या मासिक सभेत झालेलं बोलणं, सभेला येऊ न शकलेल्या तायांसाठी)



पावसाळा तोंडावर आहे. म्हणून आज हप्त्याबद्दल न बोलता, ज्या यंत्रासाठी आपण हप्ता भरतो त्याबद्दल बोलते. आपल्या कितीतरी गटांकडे पेट्रोलवर चालणारा पाण्याचा पंप आहे, कोणाकडे फवारणीचा पंप आहे. तो वावरात, नाल्याकाठीच राहतो. जुलै २०२२ मध्ये पाणी कसं चढलं ते हिंगणघाटच्या तायांना सांगायला नको. इंजिन बुडालं तरी हप्ता थांबत नाही. पण बुडालेलं इंजिन बहुतेक वेळा वाचतं, फक्त पहिल्या काही तासांत नीट वागलं पाहिजे.

पहिली गोष्ट, दोरी ओढू नका. इंजिन बाहेर काढलं की घरातलं कोणीतरी म्हणतेच, “थांब, सुरू करून पाहतो.” तिथंच नुकसान होतं. सायकलच्या हवेच्या पंपाचं तोंड बोटानं बंद करून दाबा, हवा दबते. त्यात पाणी भरून दाबा, दांडा जागचा हलत नाही. इंजिनातही तसंच. आत पाणी असताना जोर लावला तर दट्ट्याला जोडलेली दांडी वाकते. मग शंभराचं काम हजारांवर जाते.

दुसरी गोष्ट, उद्यावर टाकू नका. पाण्यातून निघालेल्या लोखंडाला हवा लागली की गंज धरू लागतो. पुरात लोकांना काढणाऱ्या बोटींच्या इंजिनांनाही हाच नियम: बुडालं, तर त्याच दिवशी उघडायचं.

आता क्रम ऐका. चुलीपासून दूर, मोकळ्या जागी बसा. बिडीवाल्याला लांब ठेवा. विमा असेल तर आधी फोटो काढा आणि कळवा.

१. बटण बंद करा. पेट्रोलचा कॉक बंद करा. बाहेरचा गाळ स्वच्छ पाण्यानं धुवा.

२. टाकीतलं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढा. पाणी जड असते, ते खाली बसते. मधली रेघ डोळ्यांना दिसते. कार्बोरेटरच्या खालचा स्क्रू सैल करून तिथलंही काढा. हे पेट्रोल परत वापरायचं नाही.

३. एअर फिल्टर काढा. स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुवून पूर्ण वाळवा. कागदाचा असेल तर नवा घाला.

४. प्लग काढा. त्याची टोपी बाजूला ठेवा, ठिणगी उडाली नाही पाहिजे. इंजिन तिरपं करा, प्लगचं भोक खाली येऊ द्या. आता दोरी हळूहळू ओढा. पाणी पिचकारीसारखं निघेल, तोंड समोर आणू नका. दोरी मध्येच अडली तर जोर लावू नका, मिस्त्रीला बोलवा.

५. ऑइल पाहा. दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी गेलं आहे. सगळं काढा, पुस्तिकेत सांगितलेलं नवं भरा. फवारणी पंपाचं इंजिन टू-स्ट्रोक असेल, तर ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असते. तिथं नवं मिश्रण भरायचं.

६. प्लगच्या भोकात चमचाभर इंजिन ऑइल टाका, दोरी पाच-सहा वेळा हळू ओढा. प्लग पुसून, वाळवून बसवा. फिल्टर बसवा, ताजं पेट्रोल भरा आणि आता सुरू करा.

७. अर्धा तास हळू चालवा. बंद करून ऑइल पुन्हा पाहा. परत पांढरट झालं तर परत बदला. दोन-तीनदा बदलावं लागते, त्याला उधळपट्टी समजू नका.

डिझेल इंजिन असेल तर हँडल मारू नका. पाणी नोझलपर्यंत गेलेलं असू शकते, ते काम मिस्त्रीचंच. चालू असतानाच बुडालेलं इंजिनही मिस्त्रीला दाखवा, कारण त्यानं पाणी आत ओढून घेतलेलं असते. मिस्त्री येईल तेव्हा बाजूला उभ्या राहू नका. काय काढलं, काय घातलं ते विचारा आणि गटाच्या वहीत लिहा: कोणत्या दिवशी बुडालं, चालू होतं की बंद, ऑइल किती वेळा बदललं. पुढच्या वेळी ही वहीच कामी येईल.

“यंत्राचं बायांना काय समजते?” असं कोणी म्हटलं तर एक गोष्ट सांगा. १९२९ मध्ये चांगल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर झालं होतं. गांधीजींच्या चरखा संघानं घातलेल्या अटींमध्ये होतं की बाईला त्यावर फार न थकता आठ तास काम करता यावं, आणि वर्षाची दुरुस्ती किमतीच्या पाच टक्क्यांच्या आत राहावी. म्हणजे यंत्र घेतानाच दुरुस्तीचा विचार. आपल्यालाही तोच करायचा आहे.

म्हणून या महिन्यात प्रत्येक गटानं एवढं करावं: प्लगचा पाना, एक लिटर ऑइल, कोरडं फडकं आणि पारदर्शक बाटली एका पेटीत ठेवावी. पंप रात्री उंचावर ठेवण्याची पाळी ठरवावी. आणि प्लग काढणं-बसवणं निदान दोघींनी हातानं करून पाहावं, इंजिन कोरडं आहे तोवरच.