‘शून्य शुल्का’चा हिशेब

परदेशातील मुलगा सांगतो, “बाबा, पैसे स्टेबलकॉइनने पाठवतो, शुल्क शून्य!” एक नाणे म्हणजे एक डॉलर, हे ऐकावयास सोपे. परंतु त्याचे रुपये करताना खरेदी-विक्रीच्या भावातील तफावत, विनिमय-मंचाची दलाली आणि त्या दलालीवर १८ टक्के जीएसटी, असे तीन वाटेकरी उभे राहतात. शिवाय १ जुलै २०२२ पासून विक्रीवर एक टक्का करकपात आली. लाखामागे हजार रुपये. ही कपात कराच्या हिशेबात वळती होते, दलाली मात्र गेली ती गेलीच. नाणेही अढळ नसते. मार्च २०२३ मध्ये यूएसडीसी काही काळ ९० सेंटखाली घसरले होते. तेव्हा जाहिरातीतील शून्य पाहू नये; निघाले किती आणि हाती पडले किती, एवढेच मोजावे.