नवा कॉम्प्युटर किती तापावा?

अजिंठ्याहून आम्ही बोलतोय, बचत गटाच्या बायका.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही गटासाठी कॉम्प्युटर केला. संभाजीनगरहून सुटे भाग आणले आणि आमच्या सचिवताईंच्या लेकीने ते घरीच जोडले. बचत, कर्ज, व्याज सगळं त्यात चढवायचं होतं. पण चार दिवसांतच हप्ते लिहिता लिहिता तो बंद पडायला लागला. चालू करावा, तर दहा मिनिटांत पुन्हा अंधार. मग कुजबुज सुरू झाली, पोरीच्या हाती गटाचे पैसे दिलेच कशाला? बोलणाऱ्यांत आम्हीही होतो, हे कबूल करायला हवं.

पोरगी चिडली नाही, तपासायला बसली. कॉम्प्युटर चालू होताना डिलीटचं बटण दाबत राहिलं की बायोसचा पडदा उघडतो (काहींत ते एफ २ असतं). तिथे सीपीयूचं तापमान दिसतं. आमचा आकडा बघता बघता नव्वदीच्या पुढे गेला. सीपीयू म्हणजे प्रोसेसर, हिशेब करणारी चिप. फार तापली की ती आधी मंद चालते, तरीही भागलं नाही तर जळू नये म्हणून मशीन बंद होतं.

तिने प्लग काढून डबा उघडला. चिपवरच्या कूलरच्या तळाला पारदर्शक प्लॅस्टिक तसंच राहिलेलं! ते काढलं, जुनी पेस्ट पुसली, वाटाण्याएवढी नवी लावली आणि समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत कूलर बसवला. आकडा ५२ वर आला.

मग चांगला आकडा कोणता? आधी खोलीचं तापमान बघा. पंखा खोलीतलीच हवा फिरवतो, म्हणून मे महिन्यात पत्र्याखाली ४० अंश असेल तर चिप त्याहून गार होणार नाही. काम नसताना खोलीपेक्षा दहा-पंधरा अंश जास्त असलं तर काळजी नको. बायोसमध्ये आकडा थोडा जास्तच दिसतो, कारण तिथे चिप पुरती विसावत नाही. भरपूर कामात ८० पर्यंत चालतं. आजच्या बऱ्याच चिपांची मर्यादा ९५ ते १०० असते. आपल्या चिपची नेमकी मर्यादा कंपनीच्या माहितीत मिळते. काम चालू असताना बघायला एचडब्ल्यूमॉनिटर हा फुकट प्रोग्राम आहे. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचं तापमान दिसत नाही, तिथे शोधत बसू नका.

मोठ्या यंत्रांनाही हा ताप चुकलेला नाही. पुण्याच्या आयसर संस्थेतला परम ब्रह्म हा महासंगणक द्रवाने थंड करतात. आपल्याला मात्र पंखाच पुरतो. डबा भिंतीपासून वीतभर दूर ठेवा, त्यावर शोभेचा रुमाल टाकू नका. आमच्याकडे टाकला होता!

आता ती पोरगी दर सोमवारी खोलीचा आणि चिपचा आकडा हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिते. परवाचे आकडे होते ३६ आणि ४९.