दुष्काळी गावचा नौकापटू



आपल्या बीड जिल्ह्यात पाणी म्हटलं, की डोळ्यांपुढे टँकर येतो, हंड्यांची रांग येते. होडी काही येत नाही. म्हणूनच नौकानयनातले आशियाई सुवर्णपदक विजेते दत्तू भोकनळ यांच्याविषयी मी शाळेत सांगू लागलो, की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, ते कोकणातले का?"

भोकनळ नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोही गावचे. आपल्या आष्टी-पाटोद्यासारखाच पावसानं दगा देणारा तो मुलूख. वडील विहिरी खोदायचे आणि दत्तू त्यांच्या हाताखाली राबायचे. २०११ मध्ये वडील गेले. घर चालवायचं, तर पडेल ते काम करणं भाग होतं. पेट्रोलपंपावरही त्यांनी नोकरी केली. २०१२ मध्ये ते लष्करात भरती झाले.

पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब आहे. तिथली मुलं पदवीचा अभ्यास करता करता मुळा नदीत वल्ही मारायला शिकतात. भोकनळांचं कॉलेज म्हणजे लष्कर! तिथल्या प्रशिक्षकांच्या नजरेत त्यांची उंची भरली आणि पुण्याच्या लष्करी केंद्रात त्यांच्या हाती वल्ही आली. तोवर पाण्याशी त्यांची ओळख विहिरीपुरतीच होती. सुरुवातीला पाण्याची भीतीही वाटायची.

हा खेळ आहे तरी कसा? शर्यत दोन हजार मीटरची. एकेरी प्रकारात खेळाडू एकटा, हातात दोन वल्ही. बैठक मागेपुढे सरकते, त्यामुळे हातांपेक्षाही पायांचा आणि पाठीचा जोर लागतो. सात मिनिटांच्या आसपास हा जोर टिकवायचा. आणि गंमत म्हणजे, खेळाडूची पाठ असते अंतिम रेषेकडे. जिथं पोहोचायचं, ते ठिकाण त्याला दिसतच नाही. ज्यांनी कातळ फोडून विहीर खणली आहे, त्यांना असं न दिसणाऱ्या पाण्यासाठी राबणं नवीन नाही.

२०१६ चा एप्रिल आठवून पाहा. आपल्या केज तालुक्यातल्या धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. त्याच महिन्यात दक्षिण कोरियातल्या पात्रता स्पर्धेत भोकनळांनी रिओ ऑलिंपिकची जागा मिळवली. आई गंभीर आजारी असताना ते रिओला गेले. नौकानयनात भारताचे ते एकमेव खेळाडू होते. तिथं ते तेरावे आले. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत एकेरीतलं पदक हुकलं; पण दुसऱ्याच दिवशी सवर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासह चौघांच्या नौकेत त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. २०२० चा अर्जुन पुरस्कारही त्यांना मिळाला.

आता आपल्याकडे पाहू. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेले आणि तिथं धावपटू झाले. त्यांनी २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचं सुवर्ण जिंकलं. त्या शर्यतीत सात वेळा पाण्यावरून उडी घ्यावी लागते. म्हणजे पाण्यानं आपली पाठ इथंही सोडली नाही!

या दोघांचा अभिमान वाटतोच. पण एक गोष्ट मला सलते. दोघांचेही गुण हेरले गेले ते लष्करात गेल्यावर. भरतीच्या रांगेत ज्यांचा नंबर लागला नाही, त्या पोरांचं काय? आणि मुलींचं काय? आपल्या जिल्ह्यातली हजारो कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. शालेय स्पर्धा रंगात येतात, तेव्हा वर्गातली काही चपळ मुलं आईबापांबरोबर फडावर असतात. मोळ्या उचलून त्यांचे खांदे भरतात, पण ते खांदे पाहणारा प्रशिक्षक तिथं नसतो.

धरण बांधणं आपल्या हाती नाही. पण शाळेच्या आरोग्य तपासणीत उंची-वजन लिहिलं जातंच. ते कार्ड कपाटात ठेवण्याआधी क्रीडाशिक्षकानं एकदा वाचावं. वयाच्या मानानं उंच, लांब हातांची, दमसास असलेली मुलं-मुली दिसली, तर त्यांची नावं जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे पोहोचवावीत. फडावर निघालेल्या पालकांना थांबवून एकदा सांगावं, की पोराला मागं ठेवा, त्याच्या राहण्या-जेवणाचं बघू. तेवढं वसतिगृह, तेवढी एक खोली गावानं उभी करावी.

यंदा दिवाळीआधी आपापल्या शाळेत अशी एक तरी यादी व्हावी, एवढीच विनंती.