सिलिंडरचा काटा आणि ८.३१४

मागच्या भागात आपण मोल म्हणजे काय ते पाहिलं. आज मोलच्या शेजारी कायम दिसणारा आकडा घेऊया: ८.३१४. वायू स्थिरांक, म्हणजे आपला कॅपिटल 'आर'.

मी वसईत बारावीला केमिस्ट्री शिकवतो. वर्षानुवर्षं फळ्यावर 'पीव्ही बरोबर एनआरटी' लिहिलं आणि आरची किंमत पाठ करा म्हणून सांगितलं. मग एप्रिल २०२१ आला, कोविडची दुसरी लाट. रात्री साडेअकराला नालासोपाऱ्याहून एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन. "सर, पप्पांना घरीच ऑक्सिजन लावलाय. छोटा सिलिंडर आहे, काटा नव्वदवर आलाय. सकाळपर्यंत पुरेल का?"

सिलिंडर होता १० लिटरचा. काटा नव्वदवर, म्हणजे आतला दाब हवेच्या दाबाच्या साधारण नव्वद पट. तापमान तेच धरलं तर बाहेर येताना तो वायू जवळपास ९०० लिटर जागा घेणार. फ्लोमीटर होता मिनिटाला ५ लिटरवर. ९०० भागिले ५, १८० मिनिटं. तीन तास! मी म्हटलं, "सकाळ विसर. काटा तिसावर यायच्या आत दुसरा सिलिंडर हाताशी हवा. म्हणजे तुझ्याकडे दोनच तास आहेत." सव्वाच्या सुमाराला विरारहून दुसरा सिलिंडर पोचला. पप्पा आज ठणठणीत आहेत.

आता गंमत बघा. या हिशोबात आर कुठेच आला नाही. आतला मोलही तोच, तापमानही तेच, म्हणून दोन्ही बाजूंचा आर कटला. पण आत नेमका किती ऑक्सिजन आहे असं विचारलं, की आरशिवाय गत्यंतर नाही. दाब, आकारमान आणि केल्विनमधलं तापमान, म्हणजे ३० अंशांचे ३०३, समीकरणात घाला. उत्तर येतं सुमारे ३५ मोल. गुणिले ३२ ग्रॅम, म्हणजे सव्वा किलोहून थोडा कमी. खऱ्या वायूत थोडा फरक पडतो, पण अंदाज चुकत नाही. जे काट्यावर दिसतं त्यावरून जे दिसत नाही ते मोजायचं, हे आरचं काम. आणि ऑक्सिजन असो, नायट्रोजन असो की हेलियम, आर तोच.

मग स्वयंपाकघरातल्या गॅसला असा काटा का नसतो? कारण त्या सिलिंडरमध्ये बराचसा द्रव असतो. थेंबभर द्रव उरेपर्यंत दाब जवळजवळ तोच राहतो, काटा लावला तरी तो फसवेल. म्हणून १४.२ किलोचा तो सिलिंडर वजनावर मोजतात. ऑक्सिजन मात्र उणे ११८ अंशांच्या वर कितीही दाबला तरी द्रव होत नाही, म्हणून तिथे काटा खरं बोलतो.

८.३१४ म्हणजे नक्की काय? एक मोल वायू सरकत्या दट्ट्याखाली ठेवा, दाब तोच ठेवून एका अंशाने तापवा. फुगताना तो ८.३१४ ज्यूल काम करतो. किलोभर साखरेची पिशवी जमिनीवरून ओट्यावर ठेवायला साधारण एवढंच काम लागतं.

म्हणजे आर हा मुळात ऊर्जेचा हिशोब आहे: दर मोलला, दर अंशाला किती. म्हणूनच वायू नसेल तिथेही तो भेटतो. अर्नाळ्याला मासळी बर्फात का ठेवतात? थंडीत सडण्याच्या क्रिया मंदावतात. तापमानाने रासायनिक क्रियेचा वेग किती बदलतो हे सांगणाऱ्या अर्‍हेनियसच्या समीकरणात हाच आर बसलेला आहे. बॅटरीचं व्होल्टेज काढणाऱ्या नर्न्स्टच्या समीकरणातही.

वायूंचे नियम एकत्र बांधले क्लापेरॉन या फ्रेंच इंजिनिअरने, १८३४ मध्ये. पुढे पिढ्यान् पिढ्या हा आकडा प्रयोग करून मोजला गेला. २० मे २०१९ पासून ती गरज संपली. बोल्ट्झमनचा स्थिरांक आणि ॲव्होगॅड्रोची संख्या, दोन्ही ठरवून पक्क्या केल्या. त्यांचा गुणाकार म्हणजे आर, म्हणून तोही आता पक्का.

त्या मुलाने नंतर विचारलं, "सर, हे तुम्ही वर्गात शिकवलं होतं?" म्हटलं, "शिकवलं होतं रे. पण असं नव्हतं शिकवलं." तेव्हापासून माझ्या वर्गात पीव्ही बरोबर एनआरटीचं पहिलं गणित त्या नव्वदवरच्या काट्याचंच असतं.

भेटूया पुढच्या भागात. नमस्कार.