गुणवत्तेची दुसरी परीक्षा

खोपोलीला लागून असलेले साजगाव बाहेरच्या लोकांना ठाऊक आहे ते बहुधा तेथील कार्तिकी यात्रेमुळे. 'बोंबल्या विठोबा' या लौकिक नावाने ओळखल्या जाणाऱ्या या देवाच्या यात्रेत सुक्या मासळीचा मोठा बाजार भरतो, आणि कर्जत-खालापूरकडील वाड्यापाड्यांतील माणसे घरची बेगमी येथून करून नेतात. यात्रा केव्हा आहे हे कोणी कोणास कळवावे लागत नाही. कार्तिक वद्य एकादशी केव्हा येते, हे अक्षरओळख नसलेल्या म्हातारीलाही बरोबर माहीत असते. याच टापूत पावसाळ्यापासून दिवाळीच्या सुमारापर्यंत केव्हातरी दुसरीही एक तिथी येऊन जाते. ती पंचांगात छापलेली नसते, दरवर्षी बदलते, पुष्कळदा जाहीर झाल्यावर पुढेही ढकलली जाते. आणि ती चुकली, तर परीक्षेत निवडल्या गेलेल्या गरीब मुलाचे चार वर्षांचे मिळून ४८,००० रुपये बुडतात. आजचे भाषण या दुसऱ्या तिथीविषयी आहे.

केंद्र सरकारने २००८ साली आर्थिक दुर्बल घटकांतील गुणवान विद्यार्थ्यांसाठी एक राष्ट्रीय शिष्यवृत्ती सुरू केली. शाळांतून ती 'एनएमएमएस' या आद्याक्षरांनीच ओळखली जाते. आठवीपर्यंत आलेले मूल पैशाच्या अडचणीपायी तेथेच थांबू नये, हा तिचा हेतू. देशभरात दरवर्षी १ लाख नव्या शिष्यवृत्त्या ठेवलेल्या आहेत. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यांपैकी ११,६८२ येतात. आरंभी वर्षाला ६,००० रुपये मिळत. २०१७ पासून ती रक्कम १२,००० झाली. नववी ते बारावी अशी चार वर्षे ती चालू राहते. आईबापांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांहून अधिक नसावे आणि मूल सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकत असावे, अशा अटी आहेत.

परीक्षा सोपी नाही. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती बहुधा डिसेंबरात घेते. एक प्रश्नपत्रिका बुद्धिमत्तेची व दुसरी शालेय विषयांची. प्रत्येकीत ९० प्रश्न व वेळ ९० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. शालेय विषयांत सामान्य विज्ञानाचे ३५, समाजशास्त्राचे ३५ आणि गणिताचे २० प्रश्न असतात. दोन्ही प्रश्नपत्रिकांत मिळून ४० टक्के गुण मिळविल्याशिवाय मूल निवडीस पात्र होत नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना ही मर्यादा ३२ टक्के आहे. पात्र ठरले म्हणजे निवड झाली असेही नव्हे, कारण जागा ठराविक आणि उमेदवार पुष्कळ. भात झोडणीच्या दिवसांत घरचे काम सांभाळून या परीक्षेची तयारी करणारे मूल, आणि त्याला शाळा सुटल्यावर तासभर थांबवून घेणारे गुरुजी किंवा बाई, या दोघांचेही श्रम त्या १८० मिनिटांत पणाला लागलेले असतात. कातकरी वाडीतील मुलाच्या मागे तर आणखी एक अडचण असते. दिवाळीनंतर त्याचे आईबाप वीटभट्टीवर निघून जातात. डिसेंबरातल्या परीक्षेस ते मूल गावात असणे, हीच मुळी निम्मी परीक्षा होय.

समजा, साजगावच्या बाजूची एखादी मुलगी या सर्वांतून पार पडली. निवड यादीत तिचे नाव आले. शाळेत पेढे वाटले गेले, फळ्यावर नाव लिहिले गेले. बाप गुरुजींना विचारतो, "गुरुजी, पोर पास झाली, आता पैसं आपोआप येतील ना?" आणि गुरुजीही चांगल्या भावनेने सांगतात, "येतील, येतील."

आपोआप काहीच येत नाही. परीक्षा घेतली पुण्याने. पैसे द्यायचे दिल्लीने. मधला रस्ता मुलीने आपण चालून जावयाचा आहे. नववीत गेल्यावर तिने राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर स्वतःचा अर्ज भरावयाचा असतो, ठरलेल्या मुदतीच्या आत. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा, म्हणजे खालापूरचा. परीक्षेच्या वेळी काढलेल्या दाखल्याची मुदत संपली असेल, तर तो पुन्हा काढावयाचा. बँकेतील खाते मुलीच्या नावाचे व आधारशी जोडलेले हवे. आधारवरील नाव आणि निवड यादीतील नाव एकमेकांशी जुळावयास हवे. एकीकडे बापाचे नाव मध्ये आहे व दुसरीकडे नाही, एवढ्यावरूनही अर्ज अडकतो. मोबाइलवर येणारा सांकेतिक आकडा ज्या क्रमांकावर येतो, तो क्रमांक बापाने दोन वर्षांपूर्वी रिचार्ज न केल्यामुळे बंद पडलेला असतो. हे सर्व जमून अर्ज गेला, तरी तो तेथे नुसता पडून राहतो. शाळेने तो तपासून पुढे पाठवावयाचा असतो, आणि त्यानंतर अलिबागेस जिल्ह्याच्या पातळीवर त्याची पुन्हा पडताळणी व्हावयाची असते. या दोन्ही पायऱ्यांनाही आपापल्या मुदती आहेत. मुलीने वेळेत अर्ज केला आणि शाळेने वेळेत पडताळणी केली नाही, तर तो अर्ज न केल्यासारखाच होतो.

यात एक खाच अशी आहे की ती नियम करणाऱ्यांच्याही सहसा लक्षात येत नसावी. जिल्हा परिषदेच्या पुष्कळ शाळा सातवी-आठवीपर्यंतच असतात. म्हणजे परीक्षेस बसविले एका शाळेने, आणि अर्ज पडताळावयाचा दुसऱ्या शाळेने. पहिल्या शाळेतील गुरुजींच्या दृष्टीने विद्यार्थिनी शाळा सोडल्याचा दाखला घेऊन गेली, कार्य संपले. खोपोलीच्या हायस्कुलात नववीच्या साठ मुलांत बसलेली ही मुलगी गेल्या वर्षी काय करून आली आहे, हे तेथील वर्गशिक्षकांना कोण सांगणार? तिने स्वतः सांगावे म्हणावे, तर नव्या शाळेत पहिल्या महिन्यात नाव विचारले तरी मान खाली घालणारी ती मुलगी. शिवाय नववीला नव्याने अर्ज केला नाही, तर दहावीत तो करता येत नाही; दहावीपासून पुढे फक्त आधी मिळालेल्या शिष्यवृत्तीचे नूतनीकरण होते. त्यामुळे जूनमध्ये दोन शाळांच्या मध्ये हरवलेली ही बातमी चार वर्षांचे नुकसान करते. आणि हौसेने एखाद्या नातलगाने तिला विनाअनुदानित शाळेत घातले, तर तिचा हक्कच संपतो, ही गोष्टही त्या घरात बहुधा कोणास ठाऊक नसते.

विद्यार्थ्याचे गुण एकीकडे आणि त्याचे दैव दुसऱ्याच टेबलावर, हा प्रकार महाराष्ट्राला नवा नाही. दापोलीजवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे १८७५ साली मराठी सहावीच्या परीक्षेसाठी कुंभार्लीचा घाट चढून पायी साताऱ्यास गेले. शंभरांहून अधिक मैलांची ती वाट त्यांनी चार दिवसांत काटली. परीक्षेस बसावयास १७ वर्षे पूर्ण हवीत, आणि समितीच्या प्रमुखांना हा किरकोळ बांध्याचा मुलगा सतरा वर्षांचा दिसेना. त्यांनी त्याला बसू दिले नाही. मुलगा आला तसा परत गेला. पुढे हाच मुलगा महर्षी कर्वे म्हणून जगाला माहीत झाला, हे खरे. पण त्या दिवशी साताऱ्यातून परतताना त्याला ते माहीत नव्हते. आणि त्याच दारातून परत गेलेल्या ज्या इतरांच्या हातून पुढे काही घडले नाही, त्यांची नोंद कोणी ठेवली?

उलट बाजूचे उदाहरण याच जिल्ह्यातले आहे. महाडजवळच्या नाते गावी १८९६ साली जन्मलेले चिंतामण द्वारकानाथ देशमुख १९१२ च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आले, आणि संस्कृतातील गुणांबद्दल ठेवलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर व देशाचे अर्थमंत्री झाले. ती शिष्यवृत्ती मॅट्रिकच्या गुणांवरूनच ठरत असे. त्या काळी शिष्यवृत्त्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आणि आज त्या लाखांनी आहेत. तेव्हा कागद वाढणार, पडताळणी वाढणार, हे समजण्यासारखे आहे. खोट्या उत्पन्नाच्या दाखल्यांवर खरी मुले डावलली जाऊ नयेत, म्हणून तपासणी हवीच. आक्षेप तपासणीला नाही. डिसेंबरातली परीक्षा मुलाची असते. त्यानंतरची परीक्षा वस्तुतः बापाची, मुख्याध्यापकांची आणि कार्यालयांची असते, आणि तिच्यात ही मंडळी नापास झाली तर दंड मात्र मुलाला भरावा लागतो. ही वाटणी न्याय्य म्हणता येणार नाही.

शहरातील सुशिक्षित घरांना हे सर्व थोडे अतिरंजित वाटण्याचा संभव आहे. तेथे दाखले फायलीत लावलेले असतात, शेवटची तारीख आईच्या मोबाइलमध्ये नोंदलेली असते, आणि मुलाला पुढील वर्षी कोणत्या परीक्षेस बसवावयाचे याची चर्चा जेवताना होते. त्या घरात मुदत ही एक क्षुल्लक बाब होय. परंतु त्याच घरात सकाळी धुणेभांडी करावयास येणाऱ्या बाईंचा मुलगा, खालच्या चौकीदाराची पुतणी, किंवा गावाकडच्या वाटेकऱ्याची नात आठवीत असेल, तर तिने ही परीक्षा दिली काय, यादीत नाव आले काय, आणि आले असल्यास नववीचा अर्ज गेला काय, एवढे तीन प्रश्न विचारण्यास खर्च काही नाही. अर्ज भरण्यास अर्धा तास लागतो. कागद जवळ असले म्हणजे तो कोणत्याही मोबाइलवरून भरता येतो. बाईंनी संकोचाने "राहू द्या ताई, शाळेत करतील" असे म्हटले, तरी त्यावर विसंबू नये. शाळेत करतील की नाही, ते शाळेतच विचारून घ्यावे.

शाळांच्या बाबतीत एक साधी सूचना करण्यासारखी आहे. आठवीतून जाणाऱ्या निवडलेल्या मुलाच्या दाखल्याबरोबर निवड यादीतील त्याचा क्रमांक व बैठक क्रमांक लिहिलेली एक चिठ्ठी नव्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या नावे द्यावी, आणि जुलैत एक दूरध्वनी करावा. या कामाला सरकारी परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. तालुक्याच्या ठिकाणी मुख्याध्यापकांच्या सभा होतात. तेथे एका शाळेची यादी दुसऱ्या शाळेस देता येईल.

आणि नववीचा अर्ज गेला, पहिले बारा हजार खात्यात आले, म्हणजे गाडी सुरळीत चालली असेही समजू नये. दरवर्षी नूतनीकरण आहे. नववीतून दहावीत आणि अकरावीतून बारावीत पहिल्याच प्रयत्नात जावे लागते. अकरावीत शिष्यवृत्ती चालू राहण्यासाठी दहावीला ६० टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातींना त्यात ५ टक्क्यांची सवलत आहे. दहावीचा निकाल लागतो, मुलगी कनिष्ठ महाविद्यालयात जाते, आणि पुन्हा एकदा शाळा बदलते. नव्या ठिकाणी पुन्हा कोणास काही ठाऊक नसते. साजगावच्या त्या मुलीला खोपोलीत जी अडचण आली, तीच या वेळी कर्जतला किंवा पनवेलला येते. फरक एवढाच की आता ती सोळा वर्षांची असते, आणि कार्यालयाच्या खिडकीशी उभी राहून, "साहेब, माझं नूतनीकरण राहिलंय," असे तिला स्वतः सांगता येते.