मेंदूची वेस आणि औषधाचे वाहन



घरातल्या कोणाच्या मेंदूत कर्करोगाची गाठ निघाली, की नातलगांचा पहिला प्रश्न असतो, "यावर औषध नाही का?" याचे उत्तर मोठे चमत्कारिक आहे. कर्करोगाच्या पेशी मारणारी औषधे पुष्कळ आहेत. पण त्यांतली बहुतेक मेंदूत पुरेशी पोचतच नाहीत. ती का पोचत नाहीत आणि त्यांना पोचविण्याची कोणती खटपट चालली आहे, एवढाच विषय आज आम्ही घेतला आहे.

१८८५ साली पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या रक्तात रंग सोडून पाहिले. इतर अवयव रंगले, मेंदू तेवढा कोरा राहिला. मेंदूला हा रंग धरतच नसावा, असा त्याने तर्क केला. १९१३ साली त्याचा शिष्य गोल्डमन याने रंग थेट मेंदूभोवतालच्या द्रवात सोडला. आता मेंदू रंगला आणि बाकीचे शरीर कोरे राहिले! म्हणजे दोष रंगाचा नव्हता. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये भिंत होती.

ही भिंत मेंदूतल्या केशवाहिन्यांचीच आहे. त्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की फट राहत नाही. विषे आणि जंतू यांपासून ती मेंदूचे रक्षण करते. पण संकटकाळी हाच पहारेकरी वैद्यालाही वेशीबाहेर ठेवतो. ग्लायोब्लास्टोमा या दुर्धर गाठीत तर आणखी एक खोच आहे. गाठीच्या गाभ्यात भिंत ढासळलेली असते. परंतु कडेने निरोगी मेंदूत शिरलेल्या पेशी शाबूत भिंतीआड लपतात. शस्त्रक्रियेनंतर रोग उलटतो तो बहुधा तेथूनच. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, किरणोपचाराच्या जोडीला टेमोझोलोमाइड हे भिंत ओलांडू शकणारे औषध दिल्याने रोग्यांचे मध्यम आयुर्मान १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेले. मिळकत अडीच महिन्यांची. ज्याच्या घरी हा रोग आहे, त्याला हे अडीच महिने थोडेही वाटतात आणि अमोलही वाटतात.

मग भिंत न पाडता आत शिरावे कसे? शाहिस्तेखानाच्या ताब्यातल्या पुण्यात शिवाजी महाराजांची माणसे लग्नाच्या वऱ्हाडात मिसळून शिरली, असे सांगतात. येथे युक्ती तीच आहे. औषध चरबीच्या किंवा बहुवारिकाच्या सूक्ष्म कुपीत भरायचे. कुपी किती लहान? सुमारे १०० नॅनोमीटर. म्हणजे रक्तातल्या एका तांबड्या पेशीच्या रुंदीवर अशा सत्तर कुप्या ओळीने मांडता येतील. मेंदूला लोह लागते आणि ते ट्रान्सफेरिन नावाचे प्रथिन घेऊन येते. त्याला धरून आत घेणाऱ्या कड्या भिंतीच्या पेशींवर असतात. कुपीच्या अंगावर ट्रान्सफेरिन चिकटविले, की पहारेकरी तिला ओळखीची समजून आत घेतो. मात्र पकड फार घट्ट झाली, तर कुपी भिंतीतच अडकून राहते! शिवाय यकृत आणि प्लीहा वाटेतच कुप्या गिळतात, ते वेगळेच.

अशा कुप्या काल्पनिक नाहीत. डॉक्सोरुबिसिन हे औषध चरबीच्या कुपीत घालून देण्यास अमेरिकेत १९९५ सालीच मान्यता मिळाली. ती इतर कर्करोगांसाठी होती. त्यामुळे हृदयाला होणारी इजा कमी झाली. पण २०१६ साली अनेक प्राणिप्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा टोचलेल्या कणांपैकी मध्यमानाने शेकडा ०.७ एवढेच गाठीत पोचतात असे दिसले. आणि हा हिशेब निरनिराळ्या गाठींचा, केवळ मेंदूचा नव्हे. २०१५ साली टोरांटोत ध्वनिलहरींनी ही भिंत तात्पुरती उघडून रोग्याला औषध देण्याचा प्रयोगही झाला. तरीसुद्धा ग्लायोब्लास्टोमावरचा रूढ उपचार म्हणून अशी औषधाची कुपी अद्याप रुग्णालयात आलेली नाही.

हे सांगून आम्ही कोणाची आशा हिरावून घेत नाही. "नॅनो-औषधाने मेंदूचा कर्करोग बरा" असा मथळा वाचाल, तेव्हा दोनच प्रश्न विचारा: प्रयोग उंदरांवर झाला की माणसांवर? आणि रूढ उपचारापेक्षा आयुष्य किती वाढले? उत्तर मिळेपर्यंत चालू असलेला उपचार सोडू नका. आपल्या डॉक्टरांपाशी एखादी रीतसर चाचणी चालू आहे का, एवढे मात्र जरूर विचारा. भिंत आहे हे कळायलाच एर्लिखपासून अठ्ठावीस वर्षे लागली. तिच्यातून वाट काढणारे आज कामाला लागले आहेत. त्यांच्या कामाला घाई चालत नाही, आणि रोग्याला थांबायला वेळ नसतो. या दोहोंचे भान ठेवणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.