सिंदखेडराजाचा जाधवांचा वाडा
(जीर्णोद्धार सोहळ्यातील व्याख्यान)



देवळाच्या सोहळ्यात वाड्याची गोष्ट कशाला, असे कुणी म्हणेल. पण आपल्याकडे वाडा आणि देऊळ कधी वेगळे नव्हतेच. दर 12 जानेवारीस आपल्यातील पुष्कळ जण सिंदखेडराजास जातात. लखुजीराव जाधवांच्या त्या वाड्यात 1598 साली जिजाऊ जन्मल्या. दरवाजासमोर फोटो काढून आपण परततो. गावातला अपुरा राहिलेला काळाकोट, मोती तलाव, पुतळ्यांनी सजलेली पुतळा बारव पाहायला फारसे कुणी थांबत नाही.

हे घराणे देवगिरीच्या यादवांशी आपले नाते सांगते. लखुजीराव निजामशाहीतले मातब्बर सरदार; मधल्या काळात ते मोगलांकडे गेले व परतले. 1629 च्या जुलैत देवगिरीच्या किल्ल्यात दरबारी मुजऱ्यास गेले असता त्यांना दगा झाला. सोबत अचलोजी व राघोजी हे पुत्र आणि यशवंतराव हा नातू, असे चौघे एकाच दिवशी मारले गेले. त्यानंतर सातच महिन्यांनी शिवनेरीवर शिवराय जन्मले. आजोबांना नातवाचे मुख दिसले नाही. जिजाऊंनी हे दुःख कसे गिळले असेल, ते घरातल्या लेकीबाळींनाच विचारावे.

आता देवळाकडे येतो. तेथील नीलकंठेश्वराच्या प्राचीन देवळाचा जीर्णोद्धार याच लखुजीरावांनी केला, आणि ते शिलालेखामुळे कळते. तो दगड कुणी पायरीला लावला असता, तर ही गोष्ट कायमची बुजली असती. अलीकडचेच पाहा. 2024 साली लखुजीरावांच्या समाधीच्या परिसरात पुरातत्त्व खात्याचे जतनकाम चालू असता काही दगड दिसले. उकरले तर शिवमंदिराचा पाया निघाला. पुढे खोदता शेषशायी विष्णूची मूर्ती लाभली, सुमारे 1.70 मीटर लांब व 1 मीटर उंच! शेषावर पहुडलेले भगवान व पायाशी लक्ष्मी.

आपल्या देवळामागे उतरवून ठेवलेले जुने दगड अजून तसेच पडून आहेत. त्यांतला एकही पायात भरू नये, भिंतीवरच्या अक्षरांवर ऑइलपेंट चढवू नये. जाणकारांना दाखवून, फोटो काढून, ओट्यावर ओळीने मांडावेत. खर्च फार नाही. एखाद्या देणगीदाराने मनावर घेतले तर चैत्रापूर्वी ओटा बांधून होईल.